सरबताचं गाणं

फानो गावच्या कार्निव्हलसाठी ताद्देओ स्पादीनीनं नवा ऑपेरा लिहायचं कबूल केलं, तेव्हा नाट्यगृहाचा ठेकेदार पोम्पिलिओ यानं त्याला गायकांची नावं सांगितली. राणी म्हणून फुल्विया कास्तेल्लानी, सेनापती म्हणून पादोव्हाचा एक तरणा गायक, आणि राणीच्या सखीच्या कामाला ऑर्सोला मिनेल्ली. शेवटचं नाव त्यानं पानावरची माशी उडवावी तसं उडवलं.

"ऑर्सोला?" ताद्देओनं विचारलं. "अजून गाते ती?"

"हा शेवटचा हंगाम म्हणते. पुढं उर्बिनोला बहिणीकडं जाऊन राहणार. मी म्हटलं, येऊ दे. तिला करायचंय काय, सरबताचं गाणं म्हणायचं आणि बाजूला व्हायचं."

"ते गाणं मी लिहीन."

पोम्पिलिओला आधी हसू आलं, मग काळजी वाटली. "मास्तर, तब्येत बरी आहे ना? अहो, ते शिष्याला द्या. तुमच्या हातचं सरबताचं गाणं म्हणजे गाढवाला चांदीचा नाल."

"माझा बाप नालच ठोकायचा," ताद्देओ म्हणाला. "मला चालेल."

सरबताचं गाणं ही त्या काळच्या प्रत्येक नाट्यगृहातली ठरलेली गोष्ट होती. दुसऱ्या अंकात राणीचं मोठं गाणं यायचं. त्याआधी राणीनं आत जाऊन दम खायचा, पोशाख बदलायचा, आणि तेवढ्या वेळात दुय्यम गायिकेनं एक गाणं म्हणायचं. वाद्यवृंद बासरीसकट एक हलकी सुरावट वाजवायला लागला की सज्ज्यांची दारं धाडधाड उघडत, खालच्या बाकांवरचे लोक उठत आणि सगळा गाव गोठवलेलं लिंबाचं सरबत खायला बाहेर पडे. गाणं संपता संपता लोक ओठ पुसत परत येत. कुणी काय गायलं हे कुणाला ठाऊक नसे, आणि त्यात गायिकेचा अपमान आहे असंही कुणाला वाटत नसे. रीतच तशी होती. नावाजलेले मास्तर हे गाणं स्वतः लिहीतच नसत.

ताद्देओचं पहिलं गाणं असंच रंगमंचावर आलं होतं. पेर्गोलातल्या नालबंदाचा हा मुलगा. गावच्या पाद्रीबुवांनी त्याला नेपल्सच्या संगीतशाळेत धाडलं. तिथं एकाच दालनात कुणी व्हायोलिन घासतंय, कुणी तुतारी फुंकतंय, कुणी गळा साफ करतंय अशा गोंगाटात तो शिकला. शिकून झाल्यावर एका म्हाताऱ्या मास्तरांच्या हाताखाली लागला. लुगोच्या जत्रेत त्या मास्तरांचा ऑपेरा होता. त्यांनी सरबताचं गाणं त्याच्याकडं ढकललं, आणि त्यानं ते जीव ओतून लिहिलं. प्रयोगाच्या दिवशी तो त्यांच्या शेजारी चेंबालोवर, पट्ट्या दाबून वाजवायच्या तारवाद्यावर, बसला होता. सुरावट सुरू झाली, दारं उघडली आणि त्याच्या डोळ्यांदेखत नाट्यगृह रिकामं झालं. आपल्या आयुष्यातलं पहिलं गाणं आणि समोर पाठीच पाठी. त्याला वाटलं, आताच उठावं आणि पेर्गोलाला जाऊन बापाचा भाता ओढावा.

तेवढ्यात ती गायला लागली. ऑर्सोला मिनेल्ली, विशीच्या आतली पोर, अंगावर दुसऱ्याच कुणाच्या मापाचा झगा. तिनं एकही सूर टाकला नाही. गाण्याच्या पहिल्या ओळी दुसऱ्यांदा येतात तेव्हा गायिकेनं आपल्या मनाच्या हरकती घ्यायच्या असतात. तिथं सगळ्या जणी आवाज चढवतात. ही उलट हळू झाली. इतकी हळू, की चेंबालोच्या तारांचा खरखराट तिच्यावर चढेल म्हणून त्यानं बोटं सैल सोडली. रिकाम्या बाकांसमोर तिनं ते गाणं असं म्हटलं, की त्यात आपण लिहिलं त्याहून जास्त काही होतं हे त्याला त्याच क्षणी कळलं.

पुढं त्याचे ऑपेरे बोलोन्यात झाले, व्हेनिसला झाले, दोन मिलानला. दुसऱ्या फेरीत सगळी वाद्यं एकदम मंद करायची, ही त्याची खूण म्हणून ओळखली जाऊ लागली. लोक तिला 'स्पादीनीची कुजबुज' म्हणत. ती कुणाकडून घेतली हे तो विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगायचा, पण ऑर्सोला मिनेल्ली कोण हे कुणालाच माहीत नसल्यानं ते कुणाच्या लक्षात राहत नसे. आता त्यानं पन्नाशी ओलांडली होती. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. नवे लोक ढोल आणि तुताऱ्या घेऊन आले होते. फानोहून आलेलं बोलावणं त्यानं म्हणूनच नाकारलं नव्हतं. आणि ऑर्सोलाचं नाव ऐकल्यावर त्याला फक्त एवढंच हवं होतं, की तिनं रंगमंच सोडायच्या आधी एकदा, फक्त एकदा, भरलेल्या नाट्यगृहानं तिचं गाणं ऐकावं.

अडचण फुल्विया कास्तेल्लानीची होती. बाई तालमीला यायची ती आधी दुसऱ्यांच्या गाण्यांवर नजर टाकून.

"सखीच्या गाण्यात एकट्या व्हायोलिनची साथ नाही ना?"

"नाही, बाई."

"बासरी?"

"तीही नाही."

"माझ्या गाण्यापेक्षा लांब?"

"निम्मंही नाही."

फुल्वियानं कागद वरखाली पाहिला. तिला त्यात आक्षेप घ्यावा असं काही सापडेना, आणि त्यामुळंच ती अस्वस्थ झाली. "मास्तर, तुमच्या मनात काहीतरी आहे."

"माझ्या मनात जेवण आहे," ताद्देओ म्हणाला. "आज बंदरावर मासळीचा रस्सा आहे म्हणतात."

त्याच्या मनात होतं ते असं. लोक उठतात ते सुरावट ऐकून. सुरावटच नसली तर? राणी आत जाते, सखी एकटीच उरते, दोन वाक्यं बोलते, आणि बोलता बोलता तिचं बोलणं गाण्यात जातं. खाली फक्त चेंबालो आणि चेलो, डबल बास ही खर्जाची दोन वाद्यं. सरबताची वेळ झाली हे कुणाला कळायच्या आत गाणं संपलेलं असेल.

डबल बास वाजवायला नाझ्झारेनो होता, ताद्देओचा नेपल्सपासूनचा मित्र. पोट वाद्याएवढंच. त्याला ही युक्ती तालमीच्या पहिल्याच दिवशी कळली.

"लेका ताद्देओ, लोकांच्या सरबताच्या आड येतोस? या गावात पोपच्या विरुद्ध बोललास तर एकवेळ चालेल."

"एक दिवस उशिरा खातील."

"आणि ऑर्सोलाला विचारलंस?"

"विचारायचं काय त्यात? कुठल्या गायिकेला लोकांनी ऐकलेलं नको असतं?"

नाझ्झारेनोनं खांदे उडवले आणि तारा पिळायला लागला.

ऑर्सोला तालमीला आली. केस पांढरे झाले होते, कमरेत वाकली नव्हती. तिनं कागद हातात घेतला, ओठांतल्या ओठांत वाचला आणि वर पाहिलं.

"मास्तर, सुरुवातीची वाद्यं कुठायत? मी शिरू कुठून?"

"बोलत असशील तशीच गायला लाग."

"मग लोक उठणार कधी?"

"उठणारच नाहीत, ऑर्सोला. बसून ऐकतील."

कागदाची नीट घडी करून तिनं ती शालीत ठेवली. तिच्या तोंडून शब्द फुटत नाही तो आनंदानं, असं ताद्देओनं धरलं. सूर तपासण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्या माणसाचा तो शुद्ध अडाणीपणा होता.

पहिला प्रयोग सुरळीत सुरू झाला. सेनापतीला टाळ्या पडल्या, राणीला जास्त. दुसऱ्या अंकात फुल्विया आत गेली, ऑर्सोला पुढं आली, दोन वाक्यं बोलली आणि गायला लागली. ताद्देओनं चेंबालोवरून तिरक्या नजरेनं मागं पाहिलं. कुणी हललं नव्हतं. आता काहीतरी होणार आणि मग ते ठरलेलं गाणं लागणार, म्हणून सगळे बसून होते. सज्ज्यांत बायकांचे पंखे थांबले होते. दाराशी सरबतवाल्याची माणसं ताटं घेऊन खोळंबली होती.

जिंकलो, असं त्याला वाटलं ते पहिल्या ओळीपुरतं. दुसऱ्या ओळीला ऑर्सोलाचा श्वास मध्येच तुटला. तिनं खाली पाहिलं, मग वर पाहिलं, मग सज्ज्यांच्या रांगेवरून तिची नजर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडं गेली, जशी बाजारात मूल हरवलेल्या बाईची जाते. सगळीकडं चेहरे होते. आवाज बारीक झाला. शब्द गेले, ताद्देओनं चेंबालोवरून ते हळूच पुरवले. दुसरी फेरी आली. तिथं तिनं एकही हरकत घेतली नाही. संगीतशाळेतल्या पहिल्या वर्षाच्या मुलीसारखं, कागदावर होतं तसं, सूर खाली ठेवत ठेवत तिनं गाणं संपवलं.

कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या. मग वरच्या माळ्यावरून आवाज आला: "मावशी छान आहेत, पण सरबत कुठंय?"

नाट्यगृह हसलं. त्यात वाईट काही नव्हतं, पण हसलं. आणि फुल्विया मोत्यांचा मुकुट घालून मोठ्या गाण्याला बाहेर आली तेव्हा लोकांना चूक उमगली. आता नाही तर कधीच नाही, म्हणून अर्धा गाव उठला. तिच्या सगळ्यात उंच सुराच्या वेळी समोर दारं आपटत होती आणि दुसऱ्या रांगेत एक सावकार चमच्यानं पेला खरवडत होता.

पडदा पडल्यावर काय झालं ते नाझ्झारेनो पुढं वर्षभर गावोगाव सांगत असे. फुल्वियानं मुकुट काढून पोम्पिलिओच्या दिशेनं फेकला आणि तो त्यानं झेलला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताद्देओ ऑर्सोलाच्या बिऱ्हाडी गेला. दोरखंडं वळणाऱ्या एकाच्या घरावरची खोली होती. खाली अंगणभर ओल्या तागाचा वास. ऑर्सोला खिडकीशी बसून झग्याची शिवण उसवत होती. त्याला पाहून तिनं खुर्चीवरचं कापड उचललं.

"बसा. पोम्पिलिओ काय म्हणाला?"

"आधीची रीत परत आणा म्हणाला. आणखीही बरंच म्हणाला, ते सांगण्यासारखं नाही. ऑर्सोला, मी तुझी माफी मागायला आलोय."

"मागा की. पण कशाबद्दल मागताय ते तुम्हाला कळलंय का?"

त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "तू घाबरलीस."

"घाबरले कसली, मेलेच." तिनं सुई शिवणीतून काढली. "तुम्हाला काय वाटलं? बिचारी ऑर्सोला, इतकी वर्षं पाठींना गाऊन दाखवतेय, तिला एकदा तोंडं दाखवू?"

"हो. असंच वाटलं."

"मास्तर, लुगोला मी चांगली गायले ते कशामुळं?"

"तुझ्यात ते होतं म्हणून."

"कुणी ऐकत नव्हतं म्हणून! विशीसुद्धा नव्हती, अंगावर झगा दुसरीचा. दारं उघडली, सगळे गेले, आणि मला वाटलं, सुटले बाई. आता हे घर माझं. म्हटलं, हळू म्हणून बघू काय होतं. ऐकणारे असते तर माझी छाती झाली असती?"

"मी ऐकत होतो."

"तुम्ही वाजवत होतात. ते वेगळं." ती हसली. तिचे पुढचे दोन दात एकमेकांवर चढलेले होते, हे तो विसरला होता. "ती फुल्विया बघा. काय गळा आहे, देवानं फुरसतीत केलाय. पण परवा जी हरकत घेतली तीच आज, तीच उद्या. बदलली तर लोक ओरडतील, ती कुठं गेली म्हणून. माझं तसं नाही. मी एकच गाणं एका हंगामात कधी दोनदा सारखं म्हटलेलं नाही. फसलं तरी कुणाला कळतंय? नाझ्झारेनोला कळतं. चेलोवाल्याला कळतं. ते खालून भुवया उडवतात. मला तेवढं पुरतं. पुरतं काय, मला तेच हवं असतं."

"म्हणजे मी तुझी कीव करत होतो."

"करत होतात."

"आणि मला वाटत होतं मी उपकार फेडतोय."

"कसले उपकार?"

"ती कुजबुज तुझी आहे, ऑर्सोला. माझं नाव झालं ते तिच्यावर."

"ठाऊक आहे मला. व्हेनिसला तुमच्याच ऑपेरात ऐकली. मी वरच्या माळ्यावर होते, एका तेलवाल्याच्या शेजारी. त्याला म्हटलं, हे माझं आहे हो. तो म्हणाला, गप बसा बाई, ऐकू द्या." ती इतकी हसली की सुई खाली पडली. मग ती शोधत शोधतच म्हणाली, "तुमचं गाणं सुंदर आहे. लुगोपेक्षा सुंदर. त्याला तेवढं दार लावून द्या, म्हणजे झालं. बासरीबिसरी घाला, लोकांना जाऊ दे. मग मी बघते."

सुई ताद्देओलाच सापडली. ती तिच्या हातात ठेवताना आपण इतक्या लांबून तिला काही द्यायला आलो आणि अजून घेतोच आहोत, असं त्याच्या मनात आलं. पण त्याची लाज वाटली नाही. उलट बरं वाटलं. ज्याला सगळं फेडता येतं त्याच्याकडं उरतं काय?

दुपारी त्यानं सुरावट लिहिली. पोम्पिलिओच्या जेवणाच्या टेबलावर, तुपकट पेले बाजूला सारून. त्यानं ती चोख लिहिली: ठसक्यातली, बासरीची, ऐकताच तोंडाला पाणी सुटावं अशी. पोम्पिलिओ खांद्यावरून वाचत होता.

"आता कसं! ही ऐकून तर मुडदाही सरबत मागेल. फुल्वियाबाई शांत होतील ना?"

"होतील. समोर भरलेली बाकं मिळाली की होतील. त्यांचा हक्कच आहे तो."

त्या दिवशीच्या प्रयोगाला बासरी वाजली तशी दारं उघडली. कालचा वचपा काढायचा असल्यासारखे लोक उठले. सावकार तर धावला. ताद्देओनं या वेळी मागं वळून पाहिलं नाही. पावलं, हसणं, कुणाची तरी काठी, असं सगळं ओसरत दाराबाहेर गेलं. सुरावट संपली. ऑर्सोलानं हात सैल सोडले, मान जराशी तिरकी केली आणि सुरू केलं.

पहिली फेरी तिनं सरळ म्हटली, त्याला गाण्याची ओळख करून द्यावी तशी. दुसऱ्या फेरीत ती हळू झाली नाही. तो त्याच अपेक्षेनं बोटं सैल करून बसला होता, आणि ती भलतीकडंच निघाली. एका सुरावर टेकली, तो सोडायच्या ऐवजी त्याच्या शेजारच्या काळ्या सुरावर सरकली, आणि तिथून असं काही उलगडत गेली की खालची त्यानं लिहिलेली साथ आता बसेना. नाझ्झारेनोनं वर पाहिलं: कुठं जायचं? ताद्देओनं मान हलवली: तिच्या मागं. त्यानं कागद डाव्या हातानं उलटा ठेवला. नेपल्सच्या त्या गोंगाटात, कागदाशिवाय, नुसत्या कानानं साथ करायला शिकला होता तसा तो तिच्या मागं मागं गेला. एकदा चुकला. तिनं थांबून त्याला गाठू दिलं, मिस्कीलपणे, आणि पुन्हा पुढं. चेलोवाल्याच्या भुवया टोपीपर्यंत गेल्या होत्या. हे उद्या असं होणार नव्हतं. आज कुणी लिहून घेत नव्हतं. त्याला ते लिहून घ्यावंसंही वाटलं नाही, जे त्याच्या बाबतीत आजवर कधी झालं नव्हतं.

तिनं त्याला मूळ सुरावर आणून सोडलं आणि थांबली.

टाळ्या नव्हत्या. बाकांवर एक म्हातारा झोपला होता, एका सज्ज्यात कुणीतरी बाई मुलाला पाजत होती. वाद्यवाल्यांनी गजांनी आपापल्या लाकडी स्टँडवर टकटक केलं, आपसांत करतात तेवढंच. लोक कुणासाठी टाळ्या वाजवत असले की मास्तरानं चेंबालोवरून उठून झुकायचं असतं. ताद्देओ उठला. प्रेक्षकांकडं पाठ करून, रंगमंचाकडं तोंड करून, कमरेत वाकून त्यानं ऑर्सोलाला नमस्कार केला आणि तसाच राहिला.

बाहेरून लोक परतायला लागले होते. आतून मुकुटाचे मणी वाजले. ऑर्सोला ओठ न हलवता म्हणाली, "बसा मास्तर, बसा. राणीबाई येतायत."